सुपरचार्जर लावण्याआधी: उन्हात, चढावर खडखडणारं इंजिन आधी बरं करा

दरवर्षी कूलर लागले की माझ्या गॅरेजात एकाच तक्रारीच्या गाड्या येऊ लागतात. "भाऊ, चढावर खडखड करून राहिली, पिकअपच नाही घेत." पूर्वी यापुढचा प्रश्न असायचा, कार्बन काढायचा काय? आता पंचवीस-सव्वीसची पोरं मोबाइल पुढे करतात. त्यात एखाद्या किटचा फोटो असतो. "याच्यावर सुपरचार्जर बसवून टाकू ना जी, पिकअपचा प्रॉब्लेमच मिटून जाईल."

मिटत नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असला हा उपाय आहे. इंजिन खडखडतं म्हणजे सिलिंडरमधला दाब आणि उष्णता त्याला आत्ताच झेपत नाही, आणि सुपरचार्जर नेमक्या याच दोन गोष्टी वाढवतो. क्रँकच्या पट्ट्यावर फिरणारा तो हवेचा पंप आहे. इंजिन स्वतः ओढून घेतं त्याहून जास्त हवा तो आत कोंबतो. निरोगी इंजिनाला ही ताकद मिळते. आजारी इंजिनाचा जो आजार असेल, तोच दीडपट होतो.

मी पाहिलेल्या फुटक्या इंजिनांचं एक वेळापत्रकही आहे. किट बसतं दिवाळीनंतर, हातात बोनस असतो तेव्हा. ट्यूनिंग, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमधले पेट्रोलचे आणि ठिणगीचे आकडे बसवणं, होतं डिसेंबर-जानेवारीत, सकाळी स्वेटर घालून. गाडी झकास पळते, समृद्धीवर शिवमडक्याहून चढून एखादी फेरीही होते. आणि मे महिन्यात तीच गाडी टोइंगच्या आकड्याला लटकून माझ्याकडे येते. एका पोराच्या १५०० सीसी सेडानचा तिसरा पिस्टन मी त्याच्या हातात दिला होता. वरच्या आणि दुसऱ्या रिंगच्या मधली पट्टी पाव घेराएवढी तुटून आली होती. तुकडा नखाएवढा, कडेला चकचकीत, जणू काल तुटलेला. तो पोरगा बराच वेळ तो तुकडा खाचेत बसवून बघत होता. मी काही बोललो नाही.

हिशोब साधा आहे. बूस्ट म्हणजे सुपरचार्जर देतो तो जादा दाब. सहा पीएसआय बूस्ट म्हणजे आत जाणाऱ्या हवेचा दाब बाहेरच्या हवेच्या सुमारे १.४ पट. हवा दाबली की तापते, आणि सुपरचार्जर काही शंभर टक्के कार्यक्षम नसतो. साठ टक्के धरले, तर २५ अंशांची हवा दाबून साधारण ७५ अंशांवर जाते. नागपूरच्या मे महिन्यातली ४५ अंशांची हवा मात्र शंभराच्या आसपास पोचते. ही बाहेरच्या हवेची गोष्ट झाली. बॉनेटखालची हवा तर उभ्या ट्रॅफिकमध्ये आधीच साठाला टेकलेली असते. म्हणून पुण्या-बंगळूरच्या हवेत जमलेली ट्यूनिंगची फाइल इथे जशीच्या तशी चालेल, हे धरून चालू नका.

लक्षणं

आधी आवाज ओळखा. अर्धं काम तिथेच होतं.

पत्र्याच्या डब्यात चणे हलवल्यासारखा बारीक, कोरडा 'टिर्र-टिर्र' आवाज, तोही तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये कमी आरपीएमवर ॲक्सिलरेटर दाबल्यावर किंवा चढावर, आणि पाय उचलला की बंद: हे नॉकिंग. ही पोस्ट त्याच्याबद्दल आहे. एसी चालू, चार माणसं आत आणि दुपारचे तीन वाजलेले असले की तो वाढतो. सकाळी गाडी शहाण्यासारखी चालते. सोबत पिकअप मेलेला, ॲव्हरेज पडलेलं, कधी तापमानाचा काटा नेहमीपेक्षा एक रेघ वर. ज्यांनी किट आधीच लावलंय त्यांच्या गाडीत आणखी दोन गोष्टी दिसतात. ऑइल कमी होत जातं, आणि पूर्ण ॲक्सिलरेटर दिल्यावर सायलेन्सरमधून निळसर धूर निघतो.

न्यूट्रलमध्ये उभ्या गाडीत वरून येणारी हलकी 'टिकटिक' बहुधा टॅपेटची असते. ती वेगळी गोष्ट.

आणि खालून, खोलातून, हातोडी मारल्यासारखी 'ठक-ठक' येत असेल, आरपीएमसोबत वाढत असेल, तर ते कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग. तसं असेल तर पुढचं काही वाचू नका. गाडी बंद करा, चालवत गॅरेजला नेऊ नका, उचलून न्या. असं इंजिन दोन किलोमीटरमध्ये ब्लॉकला भोक पाडू शकतं.

फुकटातल्या तपासण्या

पहिली तपासणी पेट्रोलची. टाकी जवळजवळ रिकामी होऊ द्या. मग ज्या पंपावर जास्त ऑक्टेनचं, म्हणजे नॉकिंगला जास्त दाद न देणारं, पेट्रोल मिळेल तिथून भरा आणि त्याच चढावर, त्याच वेळी, त्याच गिअरमध्ये गाडी चालवा. मी सेमिनरी हिल्सचा चढ घेतो, दुपारी, एसी लावून. आवाज पूर्ण गेला, तर यंत्रात काही तुटलेलं नाही, पण इंजिन काठावर उभं आहे. आवाज तसाच राहिला, तर दुखणं उष्णतेत, कार्बनमध्ये किंवा टायमिंगमध्ये, म्हणजे ठिणगी पडण्याच्या वेळेत, आहे. एका टाकीच्या फरकाच्या पैशात एवढं कळतं. आता पंपावर मिळणाऱ्या ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलबद्दल लोक घाबरून विचारतात. नॉकिंगच्या बाबतीत इथेनॉल मित्र आहे, त्याचा ऑक्टेन साध्या पेट्रोलपेक्षा वरचा. अडचण दुसरीकडे आहे. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलच्या एका भागाला फक्त ९. म्हणजे तेवढ्याच हवेला ई२० जास्त ओतावं लागतं. पंप किंवा इंजेक्टर आधीच थकलेले असतील, तर मिश्रण पातळ पडतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी, आणि नॉकिंग सुरू होतं. हे पुढे पुन्हा येईल.

दुसरी तपासणी थंडाव्याची. इथे मी मुद्दाम रेंगाळतो, कारण माझ्याकडच्या निम्म्याहून जास्त गाड्यांचं दुखणं इथेच निघतं आणि मालकाचा याच्यावर विश्वास बसत नाही.

सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, रेडिएटरचं झाकण उघडा. गरम असताना कधीही नको. कूलंटने भाजलेला हात मी जवळून पाहिला आहे. आत रंगीत कूलंट दिसायला हवं. पांढुरकं किंवा गंजाच्या रंगाचं पाणी दिसलं, तर कोणीतरी बोअरचं पाणी भरलेलं आहे. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड. घरच्या गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो, तोच रेडिएटरच्या नळ्यांत आणि हेडमधल्या पाण्याच्या वाटांत बसतो. हेडमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या मागे असा थर बसला की तेवढी जागा तापलेली राहते, आणि नॉकिंग तिथूनच सुरू होतं. काटा मात्र नॉर्मल दाखवतो, कारण सेन्सर दुसऱ्या जागी असतो. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं, दुसरं काही नको.

झाकणाचा रबर बघा. चिरलेला, कडक झालेला असेल तर नवीन झाकण घ्या, काही शे रुपयांत येतं. झाकण दाब धरतं म्हणून कूलंट उशिरा उकळतं. दाब सुटला की हेडमध्ये वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ उष्णता वाहून नेत नाही.

मग इंजिन चालू करून एसी लावा. पंखा फिरलाच पाहिजे. टॉर्च घेऊन एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत बघा. एप्रिल-मे मध्ये सावरीचा कापूस उडतो, तो नेमका या फटीत जाऊन गोधडीसारखा बसतो. बाहेरून जाळी स्वच्छ दिसते. इंजिनच्या बाजूने बाहेर, कमी दाबाच्या पाण्याने धुवा. प्रेशर वॉशर लावू नका, फिन्स आडव्या होतात.

आणि कृपा करून थर्मोस्टॅट काढून टाकू नका. 'नागपूरच्या उन्हात थर्मोस्टॅट कशाला पाहिजे' हे मी जुन्या, चांगल्या कारागिरांच्या तोंडूनही ऐकलं आहे. काढल्यावर इंजिन मोकळ्या रस्त्यावर नीट तापतच नाही, कॉम्प्युटर त्याला थंड समजून जास्त पेट्रोल देत राहतो, ते पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुतं आणि रिंगा झिजतात. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट काढला की बायपासची वाट उघडीच राहते आणि गरम पाणी रेडिएटरकडे न जाता परत इंजिनातच फिरतं. म्हणजे गाडी जास्त तापते. आधी कोणी काढला असेल तर कंपनीच्या अंशांचा नवीन बसवा.

प्लग सांगतो ते ऐका

प्लग पाना आणि एक भिंग एवढंच लागतं. चारही प्लग काढा, कुठला कुठल्या सिलिंडरचा ते लक्षात ठेवून कागदावर ओळीने मांडा.

टोकाची चिनी माती फिकट तपकिरी असेल तर ठीक. कोरडी काजळी असेल तर मिश्रण घट्ट आहे. ओलसर काळं, तेलकट असेल तर ऑइल वर येतंय. आता भिंग लावा. पांढऱ्या चिनी मातीवर मिठासारखे, पण करडे-चांदीच्या रंगाचे बारीक कण चिकटलेले दिसले, तर ते ॲल्युमिनियम आहे. तुमच्या पिस्टनचं. नॉकिंगच्या दाबलाटेने पिस्टनच्या माथ्यावरून उडालेलं आणि प्लगवर येऊन वितळून बसलेलं. ज्या पोराचा पिस्टन मी वर सांगितला, त्याचे प्लग किट बसवणाऱ्याने तीन महिन्यांपूर्वी काढून, पुसून, परत लावले होते. पुसताना एकदा भिंगातून बघितलं असतं, तर ब्लॉक वाचला असता. असे कण दिसले की किटचा विषय तिथेच थांबवा आणि थेट कॉम्प्रेशनच्या तपासणीला जा.

हे का होतं तेही समजून घ्या. ठिणगी पडल्यावर ज्योत एका बाजूने दुसरीकडे पसरत जाते. पुढचा न जळलेला वायू दाबला जातो, तापतो, आणि ज्योत पोचण्याआधीच एकदम पेटतो. त्याची दाबलाट भिंतींवर आदळते, तोच आपल्याला ऐकू येणारा आवाज. पिस्टनच्या माथ्याला चिकटून वायूचा एक पातळ, त्यातल्या त्यात थंड थर असतो, तो पिस्टनला वाचवतो. ही लाट तो थर फाडते. मग उष्णता थेट धातूत शिरते आणि रिंगांमधली पट्टी, जी आधीच बारीक असते, तिथे चीर जाते. नॉक सेन्सर असलेल्या गाडीत कॉम्प्युटर लगेच टायमिंग मागे खेचतो, म्हणून तर पिकअप मरतो. पिकअप गेला ही तक्रार घेऊन लोक ताकद वाढवायला येतात. खरं तर कॉम्प्युटर तुमचं इंजिन वाचवत असतो.

बूस्टसाठी प्लग एक पायरी थंड, म्हणजे टोकाची उष्णता लवकर सोडणारे, घेतात आणि गॅप कमी करतात, १.१ मिमीचा असेल तर ०.७-०.८ च्या आसपास, कारण दाबलेल्या हवेत ठिणगी सहज विझते. एक सावधगिरी: एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा मोठा तर प्लग थंड, बॉशमध्ये बरोबर उलटं. दुकानात घाईत उलटा प्लग घेतलेला मी पाहिला आहे. पण हे सगळं किट लावायच्या वेळी. साध्या इंजिनात थंड प्लग घालून नॉकिंग झाकू नका, तो काजळून मिस मारेल.

काही शे रुपयांचं काम

एअर फिल्टर आणि ऑइल बदला. फार लिहिण्यासारखं नाही, करून टाका. ऑइल कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच. बूस्टनंतर कुठली ग्रेड, ते बेअरिंगचा गाळा मोजून ट्यूनर ठरवतो, दुकानदार नाही.

पीसीव्ही व्हॉल्व्हकडे मात्र कोणी बघत नाही. रिंगांच्या बाजूने जो थोडा वायू क्रँककेसमध्ये उतरतो, तो हा व्हॉल्व्ह इनटेकमध्ये परत पाठवतो. तो काढून हलवा, आत गोटी खडखडली पाहिजे. तोंडाने फुंकून बघायचं असेल तर आधी स्वच्छ पुसा. एका बाजूने हवा जाते, दुसरीकडून नाही. दोन्हीकडून जात असेल तर बदला. साध्या गाडीत बिघडलेला पीसीव्ही ऑइलची वाफ इनटेकमध्ये सोडतो. ऑइल मिसळलं की पेट्रोलचा ऑक्टेन पडतो, म्हणजे नॉकिंगला निमंत्रण. सुपरचार्जर लागल्यावर हाच व्हॉल्व्ह उलटा गळतो, बूस्टचा दाब क्रँककेसमध्ये शिरतो आणि सीलमधून ऑइल बाहेर फेकलं जातं. मग लोक सील बदलत बसतात.

आता गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे मोबाइलवर दाखवणारा एक ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर घ्या. चेक लाइट लागलेली नसली तरी. तीन आकडे बघायचे. कूलंटचं तापमान, मोकळ्या रस्त्यावर ते ९० च्या आसपास स्थिर राहतं का. इनटेकच्या हवेचं तापमान, ट्रॅफिकमध्ये किती चढतं आणि गाडी पळायला लागल्यावर किती पटकन उतरतं. आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटर ठरलेल्या पेट्रोलपेक्षा किती टक्के कमी-जास्त देतोय तो आकडा. हा शून्याच्या आसपास हवा. अधिक दहाच्या वर गेला, तर कॉम्प्युटर म्हणतोय की मला मिश्रण पातळ मिळतंय, मी कसंबसं भरून काढतोय. न्यूट्रलमध्ये जास्त आणि वेगात कमी असेल तर कुठेतरी हवा गळते: होज, इनटेकचं गॅस्केट, ब्रेक बूस्टरची नळी. उलट, वेगात आणि लोडवर वाढत असेल तर पेट्रोल कमी पडतंय. साध्या इंजिनाला पेट्रोल कमी पडत असताना त्यावर आणखी जास्त हवा घालायची, याचा परिणाम काय होईल हे सांगायला नको.

कॉम्प्रेशन: इथे निर्णय होतो

इथून पुढे हत्यार लागतं. कॉम्प्रेशन गेज फार महाग नाही, पण हात बसलेला नसेल तर गॅरेजवाल्याकडून करून घ्या आणि समोर उभे राहा.

इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, फ्युएल पंपाचा फ्यूज काढलेला, कॉइलची जोडणी सुटलेली, बॅटरी चार्ज, आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. शेवटची गोष्ट लोक विसरतात आणि सगळे आकडे कमी येतात. प्रत्येक सिलिंडरला सारख्याच चकरा द्या. आजकालच्या निरोगी पेट्रोल इंजिनात साधारण १७० ते २०० पीएसआय दिसतात. अचूक आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलचा. मी आकड्यापेक्षा फरक बघतो. सर्वात कमी सिलिंडर सर्वात जास्तीच्या ८५ टक्क्यांखाली असेल, तर त्या इंजिनावर सुपरचार्जर नाही. यावर वाद घालू नका.

परवाच्या एका गाडीत १८५, १८०, १८२ आणि चौथ्यात १४० आले. चौथ्यात चमचाभर ऑइल टाकून परत मोजलं, १७२. ऑइलने फट भरली म्हणजे गळती रिंगांतून होती. आकडा हललाच नसता तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. गाडीचा मालक रोज बुटीबोरीला ये-जा करणारा, किटचा ॲडव्हान्स देऊन बसला होता. त्याला ते पैसे परत मागायला लावले आणि रिंगांचं काम केलं. त्यानंतर त्याने किटचा विषय काढला नाही, कारण गाडीच पळायला लागली. असे बरेच आहेत. ज्यांना सुपरचार्जर हवा असं वाटतं, त्यातल्या कित्येकांना प्रत्यक्षात नवीन असतानाची गाडी परत हवी असते.

शंका राहिली तर लीक-डाउन टेस्ट. पिस्टन वरच्या टोकाला आणून सिलिंडरमध्ये कॉम्प्रेसरची हवा सोडायची आणि किती गळते ते मोजायचं. दहा टक्क्यांपर्यंत चांगलं, वीसच्या वर काळजीचं. या टेस्टची गंमत अशी की गळतीची जागा कानाने कळते. ऑइलच्या झाकणातून सूं ऐकू आली तर रिंगा, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, थ्रॉटलमधून आली तर इनटेक व्हॉल्व्ह, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट.

पेट्रोल पुरतं का

साध्या एमपीएफआय गाडीत, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेल्या गाडीत, इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या रेलमधला दाब तीन ते चार बारच्या दरम्यान असतो. गेज लावून तो चालू गाडीत, लोडवर, टिकतो का ते बघा. उभ्या गाडीत सगळेच पंप शहाणे असतात. टाकीतला फिल्टर कधी बदलला आठवत नसेल तर बदलाच. इंजेक्टर साफ करून चारही सारखे फवारतात का ते बेंचवर बघून घ्या. एकच इंजेक्टर दहा टक्के कमी देत असेल तर बाकी तीन सिलिंडर सुखरूप राहतात आणि तो एक पिस्टन जातो. फुटलेली इंजिनं मी उघडतो तेव्हा चारही पिस्टन गेलेले क्वचितच दिसतात. बहुतेक वेळा एकच.

बूस्टवर इंजेक्टर ८५ टक्क्यांपेक्षा जास्त वेळ उघडे राहावे लागत असतील, तर मोठे इंजेक्टर लागतात. त्यासोबत ट्यून आणि वाइडबँड सेन्सर. कंपनीचा साधा ऑक्सिजन सेन्सर 'घट्ट' आणि 'पातळ' एवढंच ओळखतो. लॅम्डा म्हणजे मिश्रणाचा आकडा, १ म्हणजे नेमकं, त्याखाली घट्ट. पूर्ण बूस्टवर तो ०.८ च्या आसपास आहे का, हे साध्या सेन्सरला कळत नाही, वाइडबँडला कळतं.

इंजिन खोलण्याआधी एक चक्कर आरटीओची

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. तेव्हा एमएच ३१, ४० किंवा ४९, तुमची पासिंग जिथली असेल तिथे आधी लेखी विचारा. विमा कंपनीलाही लेखी कळवा. न कळवलेल्या बदलावर अपघाताचा दावा अडकतो, आणि रोजच्या गाडीत घरची माणसं बसतात. परवानगी नसेल तर ती गाडी रस्त्यावर आणू नका. वॉरंटी तर जातेच.

इथून पुढे घरी नाही

वरचं सगळं ठीक निघालं आणि परवानगीही मिळाली, तर मजबुतीचं काम. हे ड्राइव्हवेवर, मोबाइलवर व्हिडिओ लावून करायचं काम नाही. इंजिन उतरवावं लागतं, बोरिंगच्या कारखान्यात जावं लागतं, आणि मायक्रोमीटर हाती धरलेला माणूस लागतो. पण काय करून घ्यायचं आणि का, हे तुम्हाला ठाऊक असलं पाहिजे.

सर्वात आधी रिंगांचा गॅप. मारुतीचं १.२ लिटर के-सीरिज आणि होंडाचं १.५ लिटर एल१५, दोन्हींचा बोअर ७३ मिमी. साध्या इंजिनात ढोबळ नियम बोअरच्या प्रत्येक इंचाला ४ थाउ (इंचाचा हजारावा भाग), म्हणजे या बोअरला सुमारे ०.२९ मिमी. बूस्टसाठी ५ ते ६ थाउ, म्हणजे ०.३७ ते ०.४४. एवढीशी फट, पण बूस्टमध्ये रिंग जास्त तापते, लांबते, आणि तिची दोन टोकं एकमेकांना भिडली की तिला जायला जागा नसते. मग ती पिस्टनची पट्टी उचकटते. त्या पोराच्या पिस्टनवर अगदी हेच झालं होतं. रिंगची दोन्ही टोकं घासून आरशासारखी चमकत होती. अंतिम आकडा पिस्टन बनवणाऱ्याच्या कागदावरचाच घ्या.

पिस्टन ओतीव की फोर्ज्ड, म्हणजे दाबून घडवलेला, हा प्रश्न सगळे विचारतात. ५-६ पीएसआयवर, चांगल्या ट्यूनवर, नॉकिंग शून्य असेल तर ओतीव पिस्टन बरेचदा टिकतो. नॉकिंग असेल तर फोर्ज्डही टिकत नाही, फक्त थोडा उशिरा जातो. त्यामुळे पैसे कमी असतील तर माझं मत स्पष्ट आहे: आधी दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर, मग वाइडबँड आणि ट्यून, फोर्ज्ड पिस्टन सगळ्यात शेवटी.

हेडचे बोल्ट. बऱ्याच गाड्यांत ते ताणून बसवायचे, एकदाच वापरायचे असतात. जुने परत लावले की हेड उचललं जातं आणि गॅस्केट फुटतं. नवीन बोल्ट किंवा चांगले स्टड, आणि थरांचं स्टीलचं गॅस्केट. हेड आणि ब्लॉकचा पृष्ठभाग सरळ पट्टी ठेवून फीलर गेजने तपासायचा. ०.०५ मिमीची पाती शिरत असेल तर फेसिंग, म्हणजे पृष्ठभाग घासून सपाट करणं. पण फेसिंगमध्ये माल कमी झाला की कॉम्प्रेशन वाढतं, आणि बूस्टला ते उलट पडतं. म्हणून किती काढला ते कारागिराकडून लिहून घ्या. बेअरिंगचे शेल उघडलेच आहेत तर नवीन घाला. ऑइल गरम असताना दर हजार आरपीएमला किमान १० पीएसआय दाब हवा. क्लच आणि इंजिन माउंटही यातच बघून घ्या, नाहीतर ताकद क्लच घसरण्यातच जाते.

ट्यून डायनोवर, म्हणजे गाडी जागेवर पळवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, वाइडबँड लावून, आणि शक्य असेल तर एप्रिलनंतर करून घ्या. हिवाळ्यातच करायची वेळ आली, तर ट्यूनरला स्पष्ट सांगा की इनटेकचं तापमान वाढलं की टायमिंग मागे घेणारं टेबल मे महिन्याच्या आकड्यांवर बसव.

कधी थांबायचं

खालून ठक-ठक आली. ऑइल दुधाळ झालं, किंवा कूलंट दिसेनासं होतंय आणि बाहेर कुठे गळतही नाही. प्लगवर चांदीचे कण. कॉम्प्रेशनचा फरक पंधरा टक्क्यांवर. ऑइलच्या दाबाची लाइट क्षणभरही लुकलुकली. चेक लाइट लुकलुकतेय, नुसती लागलेली नाही. यातलं एकही असेल तर किट बाजूला ठेवा, गाडी उभी करा आणि इंजिन खोलणारा माणूस गाठा. तोही 'काही होत नाही, चालवा' म्हणाला, तर दुसऱ्याकडे जा.

काम झालेली गाडी मी पहिले १००० किलोमीटर बूस्ट न देता चालवायला सांगतो. मग ऑइल बदलायचं, प्लग काढायचे, भिंग लावायचं. चिनी माती स्वच्छ दिसली तर थोडं थोडं बूस्ट, लॉगिंग (आकड्यांची नोंद) चालू ठेवून. छिंदवाड्याच्या वाटेवरचा सिल्लेवानी घाट मे महिन्याच्या दुपारी एसी लावून चढायचा, वर गेल्यावर गाडी सावलीत थंड होऊ द्यायची, आणि परत एकदा चारही प्लग काढून बघायचे.